मदत हवी आहे: रोज सनस्क्रीन लावूनही काळवंडतेय

निशिगंध: एसपीएफ ५० आहे, रोज लावते. तरी दोन महिन्यांत गाल काळे पडले. दुपारी घाम डोळ्यांत उतरला की नुसती आग होते. दुसरं कुठलं घेऊ? लवकर सांगा, उद्या आणायचंय.

पार्लेकर: किती लावता, किती वेळा? काम उन्हात आहे का?

निशिगंध: सकाळी साडेसातला, वाटाण्याएवढं. एमआर आहे, औषध कंपनीची प्रतिनिधी. अंधेरी ते बोरिवली स्कूटरवर, सहापर्यंत.

पार्लेकर: मग ट्यूब बदलून काय होणार! तो ५० आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन काढतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून घ्या, दर दोन तासांनी परत लावा.

सागरगोटा: ५० कशाला? ३० ने ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडतात, ५० ने ९८. उगाच पैसे.

पार्लेकर: पूर्ण थर दिला तर. इथे वाटाणा चाललाय, ५० च बरं.

मीनाआत्या: अगं, बेसन, दही आणि लिंबू लाव. माझ्या दोन्ही सुना तेच लावतात.

घामोळं: आत्या, लिंबू नको! लिंबाचा रस अंगावर राहून ऊन लागलं की चट्टे उठतात. माझ्या हातावर सरबत करताना उठले होते, महिनाभर गेले नाहीत.

बोरिवली_फास्ट: सकाळी चर्चगेटला जाताना डावीकडची खिडकी घेऊ नका. सगळं ऊन तिकडेच.

निशिगंध: मी स्कूटरवर असते!!

घामोळं: एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं माप. यूव्हीए, म्हणजे काळवंडवणाऱ्या अतिनील किरणांसाठी ट्यूबवर 'पीए' या अक्षरांपुढचे प्लस बघा, चार असले तर उत्तम. डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं लावा, ते सहसा चुरचुरत नाही. पण काळं म्हणजे सगळा चेहरा, की फक्त गालांवर डाग?

निशिगंध: फक्त गालांवर, दोन्हीकडे सारखेच. तपकिरी. बाळंतपणानंतर थोडे होतेच, आता वाढलेत.

घामोळं: हे आधी सांगायचं ना! हे वांग वाटतंय. वांग साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, पांढऱ्या क्रीमने तो उजेड पुरेसा अडत नाही. टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं घ्या, घटकांत आयर्न ऑक्साइड हवं. आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा, काही मलमं तेव्हा चालत नाहीत.

सागरगोटा: तरी ३० पुरे.

निशिगंध: पितोय अजून. उद्या डॉक्टरांकडेच जाते. पण दोन तासांनी लावायचं ते घामट, धुळकट चेहऱ्यावरच का?

पार्लेकर: ओल्या रुमालाने टिपा, कोरडं होऊ द्या, मग लावा. हेल्मेटची काच खाली ठेवून निघा.