जुना फोन विकायला काढलात तेव्हा आत काय काय सापडलं?

कैरीपन्हं

काल नवऱ्याचा नवीन फोन आला, एक्सचेंजमध्ये. घेऊन आलेला मुलगा दारातच उभा. जुना फोन हातात घेतला, *#०६# दाबलं, आलेला पंधरा आकडी नंबर स्वतःच्या अ‍ॅपमधल्या नंबराशी जुळवला, पांढरा स्क्रीन लावून डाग बघितले, कडेने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, गूगल अकाउंट काढा, रिसेट मारा, मी थांबतो." नवरा मीटिंगमध्ये आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात! मी फोनवर फोन लावतेय, हा बिचारा जिन्यात उभा, खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय.

त्यावरून सासऱ्यांचा फोन विकायला काढला होता ते आठवलं. फोटो उतरवून घेतले, नंबर गूगलला गेले, झालं असं वाटलं. मग सहज फाइल्स उघडल्या तर कॉल रेकॉर्डिंगचं फोल्डर, गच्च भरलेलं. बाबांनी आपोआप रेकॉर्ड होण्याची सेटिंग लावून ठेवली होती. दूधवाला, गॅसवाला, माझी आई (!!) आणि सगळ्यात जास्त सोसायटीचे सेक्रेटरी. पुसू का विचारलं तर खुर्चीतून उठलेच. "खबरदार. गळतीचं त्यांनी कबूल केलंय त्यात." सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन दिलं, त्यावर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवलाय. अलार्मसुद्धा नावं घालून ठेवलेले: 'गोळी पांढरी', 'गोळी अर्धी', 'मोटर बंद'. ते काही नवीन फोनात आपोआप आले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाकी वाहिली तेव्हा कळलं.

तर तुमचे अनुभव लिहा. फोटोंचं सगळ्यांना माहीत असतं, बाकी कुठे कुठे काय सापडलं ते सांगा.

निवांत

मी विकतच नाही. नोकिया ११०० पासून सगळे ड्रॉवरमध्ये आहेत. बायको त्याला संग्रहालय म्हणते.

टिचकी

गळतीचं कबूल केलंय 😂😂 बाबांना वकील करा कोणीतरी

स्क्रूड्रायव्हर

तालुक्याच्या गावी मोबाईलचं दुकान आहे माझं, म्हणून जरा मोठं लिहितो.

रोज एक तरी गिऱ्हाईक रिसेट मारलेला फोन आणतं, चालू केला की तो जुनं जीमेल मागतो. "कुठलं होतं हो?" मलाच विचारतात. ते जीमेल बहुतेक वेळा पहिल्या दुकानदाराने स्वतःच्या मनाने उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि ते दुकान आता बंद. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून हे कुलूप आहे. बाजूची बटणं दाबून रिसेट मारला की हमखास अडकणार. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट काढा, मग सेटिंगमधूनच रिसेट. शाओमी, सॅमसंगचं स्वतःचं वेगळं खातं असतं, तेही काढायचं. आयफोनला 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा, तिथे हे २०१३ पासून आहे. लॉक असलेला फोन मी पार्टच्याच भावात घेतो, मग लोक मला लुटारू म्हणतात.

दुसरं, बिल आणा. मी ओळखपत्राची झेरॉक्सही घेतो. त्याचा राग येतो लोकांना, पण उद्या फोन चोरीचा निघाला तर पोलीस माझ्या काउंटरला येणार. तुम्ही जुना विकत घेत असाल तर मोठ्या अक्षरांत केवायएम, मग स्पेस, मग आयएमईआय नंबर (*#०६# दाबल्यावर येतो तो पंधरा आकडी) असा एसएमएस १४४२२ ला टाका. नंबर ब्लॉक केलेला असेल तर कळतं. संचार साथी या सरकारी साइटवर पण दिसतं.

आणि जरा पुसून आणत जा राव. चार्जिंगच्या भोकात खिशातला इतका भुगा असतो की पिन आत जात नाही. गिऱ्हाईकाला वाटतं पोर्ट गेला. लाकडी टूथपिकने हळूच काढायचा, फोन बंद करून. सुई घालू नका. वर चिकटवलेली टेम्पर्ड काच फुटलेली असली तर घरीच काढून या, खालची काच चांगली दिसली की माझाही हात सैल सुटतो.

रानभाजी

टेम्पर्डचे आता कितीही मागतात. परवा स्टेशनबाहेर एकाने सांगितलेल्या आकड्यात मी जेवून आले असते.

हळवा_कोपरा

रिसेट मारला तरी फोटो परत काढता येतात असा एक मेसेज फिरतोय. खरंय का? माझ्या मुलीचे आंघोळीचे फोटो होते जुन्या फोनात, विकायचं धाडसच होत नाहीये.

सातवा मजला

@हळवा_कोपरा गेल्या काही वर्षांतला फोन असेल आणि लॉक लावून वापरत असाल तर घाबरू नका. आतला सगळा डेटा कूटबद्ध असतो. रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते, मागे उरतो तो नुसता अगम्य कचरा. अँड्रॉइड ६ पासून बऱ्याच नव्या फोनांत हे आलं, अँड्रॉइड १० घेऊन आलेल्यांना तर सक्तीच आहे. आयफोनात त्याच्याही आधीपासून.

त्याहून जुना असेल तर रिसेट मारा, काही लॉगिन न करता कॅमेरा चालू करून फोन टेबलावर ठेवा, मेमरी भरेपर्यंत रेकॉर्ड होऊ द्या, मग पुन्हा रिसेट. मी छताच्या पंख्याचं शूटिंग केलं होतं.

मेमरी कार्ड मात्र हाताने काढा! रिसेटमध्ये ते पुसलं जाईलच असं नाही. आणि सिमचा ट्रे बघा, दुसरं सिम आतच राहतं लोकांचं.

टिचकी

पंखा कुठल्या कंपनीचा 😜

सातवा मजला

उषा. स्पीड ३.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडं भोंगा लावून फटफटीवर येते एक जण. "बंद मोबाईल, फुटका मोबाईल, टब घ्या, घमेलं घ्या." मी अमरावतीले परीक्षेले गेलो होतो, मायनं माहा जुना फोन देऊन टाकला ना त्याले. रिसेट-बिसेट काई नाई, चार्जिंगच नव्हती त्यात. आत मेमरी कार्ड, कार्डात ताईच्या हळदीचा पुरा व्हिडिओ. मी बोंबललो तं म्हणते, "टब पाह्य ना किती मोठा देल्ला त्यानं."

टब अजून हाय. मजबूत हाय, खोटं कायले बोलू.

कैरीपन्हं

@वऱ्हाडी ठेचा अरेरे! पण 'टब पाह्य ना' वाचून फुटले मी. ऑफिसात बसलेय, लोक बघतायत.

लिंबूटिंबू

हे फटफटीवाले पुढे कुठे देतात ते फोन कोणास ठाऊक. माझ्या नणदेने बंद पडलेलाही देऊ दिला नाही. बोर्ड शाबूत असेल तर चालू होतोच ना.

स्क्रूड्रायव्हर

@लिंबूटिंबू बरोबर केलं त्यांनी. डिस्प्ले गेलेला फोन म्हणजे मेलेला फोन नव्हे. नवीन डिस्प्ले जोडला की आतलं सगळं जागच्या जागी असतं. तोच खरा धोक्याचा, कारण त्याला रिसेट मारता आलेला नसतो. अँड्रॉइड असेल तर कधी कधी ओटीजी (फोनला माउस जोडायची छोटी पिन) लावून माउसने आत जाता येतं, पॅटर्न आठवत असेल तर. नाहीतर दुकानात समोर बसून डिस्प्ले लावून घ्या, पुसा, मग द्या.

पूर्वेचा_वारा

न्यू जर्सीहून. इथे पाकीट येतं घरी, त्यात फोन घालून पोस्टात टाकायचा, जिन्यात कोणी उभं राहत नाही. ईसिम (कार्ड नसलेलं, फोनातच असलेलं सिम) असेल तर रिसेट करताना ते पुसायचं की ठेवायचं विचारतो. नवीन फोनवर नंबर आला ना ते आधी बघा, मग पुसा.

पण खरं सांगायचं तर आमचा एक फोन कधीच विकला जात नाही. भारतातलं सिम त्यात घालून ठेवलेलं. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, आईच्या गॅसचा ओटीपी, सगळे त्यावर. किचनच्या खिडकीत ठेवलाय कारण तिथेच रेंज येते. आम्ही त्याला 'काका' म्हणतो. "काकांना बघ रे काय आलंय."

निवांत

काकांना नमस्कार सांगा 🙏

शेवग्याची शेंग

रच्याकने, ऑथेंटिकेटरचे कोड, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डशिवाय अ‍ॅपमधून बघून टाकायचे आकडे, त्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या दिराने फोन विकला आणि ऑफिसच्या कशातच शिरता येईना. तेव्हा गूगलचं ते अ‍ॅप फक्त फोनातच कोड ठेवायचं, खात्याशी जोडायची सोय २०२३ मध्ये आली. विकण्याआधी नवीन फोनवर एकदा कोड चालवून बघा. यूपीआयही तसंच, नवीनवर एक रुपया पाठवून बघायचा, मगच जुन्याला हात लावायचा. मुलगा डबा मागतोय, उरलेलं नंतर लिहिते.

हळवा_कोपरा

@सातवा मजला धन्यवाद, खूप बरं वाटलं. २०२१ चा फोन आहे, लॉक आहेच. व्हॉट्सॅपचं कसं करायचं? ड्राइव्ह भरलंय म्हणतो.

सातवा मजला

अँड्रॉइडवर व्हॉट्सॅपचा बॅकअप आता गूगलच्या फुकट १५ जीबीतच मोजतात, २०२४ पासून. ड्राइव्हच्या नादी लागू नका. दोन्ही अँड्रॉइड आहेत ना? जुन्या फोनात सेटिंग, चॅट्स, 'ट्रान्सफर चॅट्स'. नवीनवर क्यूआर येईल तो स्कॅन करा. दोन्ही चार्जिंगला लावून शेजारी ठेवा, वायफाय चालू. फॅमिली ग्रुपातले सुप्रभात आधी उडवलेत तर निम्मा वेळ वाचेल.

टिचकी

सुप्रभात उडवले तर ग्रुपात उरतं काय

दुपारची_झोप

मामेभावाने आयफोन विकला, घेणारा नगरचा. रात्री साडेदहाला त्याचा फोन, "साहेब, हा तुमचाच ईमेल दाखवतोय, काहीतरी करा." भाऊ म्हणाला आता नगरला जावं लागणार. त्याच्या मुलीने, नववीत आहे ती, लॅपटॉपवर आयक्लाउड उघडलं, फोन पुसायला लावला, मग यादीतून काढून टाकला. पलीकडचा "झालं झालं" म्हणाला आणि थँक्यू म्हणून तिला भेळेचं आमंत्रण दिलं. नगरला कधी गेलात तर भेळ कुठली चांगली सांगा रे कोणी.

रानभाजी

खोकं जपून ठेवता का तुम्ही? एक्सचेंजला काहीजण खोकं आणि चार्जर असेल तर जास्त देतात. आमच्याकडे सगळी खोकी आईने ताब्यात घेतलीत. एकात बटणं, एकात राखीचे दोरे, एकात दुसरं खोकं.

लिंबूटिंबू

@रानभाजी +१. आमच्याकडे हळदीकुंकवाच्या टिकल्यांची पाकिटं 😀

फुगलेली बॅटरी असेल तर घेतात का कोणी? मागचं झाकण उचललं गेलंय.

स्क्रूड्रायव्हर

@लिंबूटिंबू एक्सचेंजला चालणार नाही. चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, टाचणी तर मुळीच नको. बंद करून उन्हापासून लांब, गादी-कपड्यांपासून लांब ठेवा आणि लवकर दुकानात न्या. बॅटरी बदलून मग आतलं काढता येईल. घरच्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, ई-कचरा म्हणून घेतात बरेच ठिकाणी.

शेवग्याची शेंग

आले परत. स्क्रीनशॉट कोणी बघता का विकण्याआधी? माझ्याकडे नुसत्या पाककृती निघाल्या, केलेली एकही नाही. हिरव्या टोमॅटोच्या चटणीचा होता तो नेमका कुठेतरी गेला. कोणाकडे आहे का?

कैरीपन्हं

@शेवग्याची शेंग स्क्रीनशॉट कशाला, सोपी आहे. टोमॅटोच्या फोडी आणि हिरव्या मिरच्या तेलात नरम होईपर्यंत परतायच्या, तीळ आणि दाणे वेगळे भाजून घ्यायचे, मीठ, गूळ, सगळं भरडसर वाटायचं. वरून हिंग-मोहरीची फोडणी.

रानभाजी

लसूण?

कैरीपन्हं

आमच्यात नाही घालत. तू घाल.