कानात वारे शिरलेली कुत्री : तुमचे अनुभव

जुना वाडा
काल रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या छतावर नखांचा खडखडाट सुरू झाला. दिवाणखान्याच्या टोकापासून स्वयंपाकघरापर्यंत एक धाव, तिथे घसरत घेतलेले वळण, पुन्हा उलट धाव. वरच्या मंडळींनी गेल्या महिन्यात कुत्र्याचे पिल्लू आणले आहे. तक्रार करावी म्हणून मी चपला घातल्या आणि दारातच थांबलो, कारण हाच आवाज मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी वाईच्या आमच्या वाड्यात रोज ऐकत असे. आमचा खंड्या दिवसभर ओसरीवर पोत्यासारखा पडून असायचा, पण आजी तुळशीपाशी निरांजन ठेवून वळली की तो कान मागे टाकून, पार्श्वभाग जमिनीलगत दाबून चौकात असा उधळायचा की फरशीवर ठिणग्या पडतील असे वाटे. वृंदावनाभोवती सात-आठ फेऱ्या झाल्या की जिथे असेल तिथे धापकन पडायचा. आजी म्हणायची, "माझ्या राहिलेल्या प्रदक्षिणा हाच पुऱ्या करतो." मोकळ्या सुटलेल्या वासराच्या कानात वारे शिरते, तसेच हे. याला हल्ली झूमीज म्हणतात, ही माहिती नातीने पुरवली. आपापल्या घरचे प्रकार जरूर लिहा.

शेवग्याची शेंग
आमच्याकडे दर रविवारी आंघोळीनंतर हा कार्यक्रम असतो. आमची लॅब्रॅडॉर आंघोळ होईपर्यंत देवळातल्या नंदीसारखी निश्चल बसते, आणि न्हाणीघराची कडी निघाली की अंग झाडण्याचेही भान न ठेवता आधी पलंगावर, मग सोफ्यावर आणि शेवटी इस्त्रीच्या कपड्यांवर लोळते. सोमवारच्या गणवेशाला कुत्र्याच्या शांपूचा वास येतो, अशी शाळेतून विचारणा झाली आहे.

कोपऱ्यावरचा नळ
आमच्याकडे निमित्त आंघोळीचे नसून शी झाल्याचे असते. ते उरकल्यावर एवढा आनंद कशाचा होतो, हे मी त्याला विचारलेले नाही.

ओली कणीक
नळभाऊ, हा आनंद कोणाला कळत नाही? आमच्या आजोबांनाही कळायचा, ते फक्त धावत नसत.

खुरपे आणि खरारा
मी पशुवैद्यक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या धावण्याला शास्त्रीय लिखाणात 'फ्रेनेटिक रँडम ॲक्टिव्हिटी पीरियड्स' असे लांबलचक नाव आहे. पिल्लांत आणि तरुण कुत्र्यांत ते जास्त दिसते. दिवसभर कोंडलेली शक्ती, माणूस घरी परतल्याचा हर्ष, आंघोळीसारख्या नावडत्या गोष्टीतून झालेली सुटका, अशी निमित्ते बहुतेक घरांत सापडतात. बहुधा एक-दोन मिनिटांत हे ओसरते. धावण्याआधी कुत्र्याने पुढचे पाय पसरून छाती खाली आणि ढुंगण वर केले असेल, तर ते खेळाचे आमंत्रण समजावे. त्याच्या मागे मात्र धावू नये, कारण पाठलाग हा त्याला खेळाचाच भाग वाटतो आणि तो अधिक उधळतो. माझी खरी तक्रार आपल्या गुळगुळीत फरशांविषयी आहे. वेगात वळताना मागचा पाय घसरला की गुडघ्यातला अस्थिबंध दुखावतो किंवा तुटतो, आणि मग शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. फटाक्यांना घाबरून सैरावैरा पळणे, हाक मारली तरी भान नसणे किंवा तासन्‌तास शेपटीमागे गोल फिरत राहणे, या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांना झूमीज म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

वाळवण
आम्ही अकोल्याचे. मे महिन्यात आईने पहाटे उठून चीक शिजवला आणि गच्चीवर दोन जुन्या साड्या अंथरून त्यांवर कुरडया घातल्या. राखण करायला मी आणि आमचा मोत्या. ऊन चढू लागले तसा मी टाकीच्या सावलीत सरकलो आणि डुलकी लागली. जाग आली ती आईच्या किंकाळीने. मोत्याला कशाने स्फुरण चढले, देव जाणे, पण तो एका साडीवरून दुसरीवर असा सुसाट जात होता की अर्ध्या ओल्या कुरडया त्याच्या पंजांना चिकटून जिन्यापर्यंत उमटत गेल्या होत्या. आईने लाटणे उचलले, तर त्याने ढुंगण वर करून तिलाच खेळायला बोलावले. डॉक्टरांनी वर लिहिलेले आमंत्रण हेच असावे. त्या वर्षी कुरडया मावशीकडून आल्या, आणि त्या खाताना आई दरवेळी माझ्याकडे पाहायची, मोत्याकडे नाही.

ओली कणीक
कुरडया फुटल्या तरी तळून खाता येतात. आमच्या शेरूने दिवाळीतला मातीचा किल्ला एका दौडीत जमीनदोस्त केला होता. उगवलेले अळीव, मावळे, तोफा, सगळे मिळून एकच ढिगारा झाला. भाऊ तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

माळरान
सांगोल्याकडचा माणूस म्हणून एक सांगतो. आमच्याकडे कारवानी कुत्री असतात, लांब पायांची, खोल छातीची, सडपातळ. त्यांच्यासाठी अंगण अपुरे पडते. ज्वारी काढून झालेल्या रानात तिन्हीसांजेला आमची कुत्री कारण नसताना सुटायची आणि बांधापासून बांधापर्यंत मोठमोठी वर्तुळे काढायची. अशी कुत्री भरधाव असताना प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीपासून सुटतात, एकदा अंग गोळा झालेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. डोळ्यांना ते वेगळे दिसत नाही, फक्त धुरळ्याची रेघ दिसते. वडील त्या वेळी बैलांना पाणी दाखवत असत, पण हातातले काम थांबवून तेही पाहत. भरल्या पोटी मात्र ते तिला सोडत नसत. पोटाला पीळ पडतो, असे म्हणत.

खुरपे आणि खरारा
वडिलांचे बरोबर होते. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका अधिक असतो, आणि तसे झाल्यास काही तासांत जीव जाऊ शकतो. जेवणानंतर थोडा वेळ शांत ठेवावे, असे आम्हीही सांगतो.

दुसरा मजला, डोंबिवली
पावसाळ्यात बाहेर नेता येत नाही, तेव्हा आमच्या साडेचारशे चौरस फुटांत रात्री घोडदौड भरते. खालच्या काकूंनी एकदा चिठ्ठी पाठवली, "आपल्याकडे दळण दळता का?" मी सतरंजी अंथरली, तर कुत्रा आणि सतरंजी दोघे मिळून कपाटावर आदळले. उपाय सुचवा.

शेवग्याची शेंग
सतरंजीच्या खाली रबरी जाळी मिळते ती घाला. आणि काकूंना एकदा चहाला बोलवा.

मोगऱ्याची वेल
आमची राणी बारा वर्षांची आहे. सांधे धरले आहेत, जिना चढत नाही. गेल्या आठवड्यात मुलगा दोन वर्षांनी परदेशातून आला. त्याने बॅग खाली ठेवली आणि राणीने जेवणाच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. वळणावर मागचे पाय फाकत होते, तरी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिला गोळी द्यावी लागली.

जुना वाडा
सर्वांचे लिहिलेले वाचून आज रात्री मी वर गेलो. तक्रारीसाठी नव्हे. माळ्यावर पडलेली एक जाड सतरंजी होती ती घेऊन गेलो. दार उघडताच त्या घरच्या सूनबाई माफी मागू लागल्या. पिल्लू तोवर खुर्चीखाली पाय वर करून घोरत होते. सतरंजी अंथरून झाली, चहा झाला, मी खाली येऊन दिवा मालवला, आणि वर पुन्हा सुरू झाले. या वेळी आवाज सतरंजीच्या कडेकडेने होता.