घरातला तो स्पीकर

अंतराळवीरांना आयुर्विमा परवडत नव्हता असं म्हणतात, ते बरोबर. अपोलो ११ च्या तिघांनी उड्डाणाआधी टपालाच्या पाकिटांवर सह्या करून ठेवल्या होत्या. परतलो नाही तर घरच्यांनी ती विकावीत म्हणून. पण मला जास्त टोचते ती नील आर्मस्ट्राँगच्या बायकोची, जॅनेटची गोष्ट. यानाशी चाललेलं बोलणं ऐकू यावं म्हणून नासा अंतराळवीरांच्या घरी छोटा स्पीकर बसवायची. मार्च १९६६ मध्ये नीलचं यान जेमिनी ८ अंतराळात गरगर फिरू लागलं आणि नेमका तेव्हाच नासाने तिच्या घरचा आवाज बंद केला! ती तडक नियंत्रण केंद्रावर गेली, तर आतही घेतलं नाही. नंतर तिने नासात अंतराळवीरांचं काम पाहणाऱ्या डीक स्लेटनला चांगलंच सुनावलं म्हणे. बरोबरच होतं की. चारच वर्षांपूर्वी त्यांची दोन वर्षांची मुलगी कॅरन गेली होती.