नाताळच्या घरगुती पार्टीसाठी खेळ सुचवा (२२ जण, बजेट ८००)

जुळेसोलापूरची_वहिनी
२५ तारखेला संध्याकाळी आमच्याकडे २२ जण आहेत. सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा, सगळ्यात मोठ्या आजी ७८ च्या. हॉल १२ बाय १६, वर गच्ची. सहा ते आठ खेळ, मग जेवण. बक्षिसं धरून ८०० रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही. सुनेच्या माहेरची मंडळी तेलुगू बोलणारी. मराठी समजतं, पण वाचायला वेळ लागतो. त्यामुळे अंताक्षरी, दमशेराज बाद. संगीत खुर्ची ठेवू का?

कडक_भाकरी
संगीत खुर्ची नको ओ. २२ जणांत एकेक बाद करत बसलात तर २१ फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत बाद झालेला अर्धा तास मोबाईल बघत बसतो.
तंबोला घ्या. आकड्यांचा खेळ, भाषेचा प्रश्नच येत नाही. तिकिटावर १५ आकडे, ओळीत पाच. जल्दी पाच, तीन ओळी, चार कोपरे, फुल हाऊस, म्हणजे सहा बक्षिसं. एक नियम आधीच सांगून टाका: पुढचा आकडा पुकारायच्या आत दावा केला नाही तर बोगी, म्हणजे दावा बाद. इथंच भांडणं होतात.

साउंडवाला_सात_रस्ता
ट्रॉली स्पीकर घ्या, दोन माइकवाला. सहा-साडेसहा हजारांत चांगला येतो. एकदा घेतला की लग्न, बारसं, सगळीकडं चालतो.

जुळेसोलापूरची_वहिनी
दादा, बजेट ८००.

साउंडवाला_सात_रस्ता
हप्त्यावर मिळतो की.

नवीपेठी
तंबोल्याला माझंही अनुमोदन, पण दोनपेक्षा जास्त डाव लावू नका. २२ तिकिटांत फुल हाऊस व्हायला बहुतेक वेळा सत्तरच्या पुढे आकडे काढावे लागतात. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, पाच वर्षांचं पोर तेवढं बसत नाही. पेनाऐवजी चिंचोके ठेवायला द्या, तिकिटं दुसऱ्या डावालाही चालतात. शेंगदाणे देऊ नका, फुल हाऊस व्हायच्या आत संपतात.
पोरांसाठी पार्सल करा: गाणं चालू असेतो ते रिंगणात फिरवायचं, थांबलं की ज्याच्या हातात असेल त्यानं एक थर काढायचा. आत एक बरं बक्षीस, त्यावर वर्तमानपत्राचे १२ थर, प्रत्येक थरात एक चॉकलेट आणि एक चिठ्ठी. चिकटपट्टी थराला एकाच जागी, दोन बोटं. गोल गुंडाळलीत तर कात्री शोधण्यात खेळ मरतो. एकाआड एक थर रंगीत कागदाचा घ्या, नाहीतर पोरं एका झटक्यात तीन थर फाडतात. चिठ्ठी एकानेच मोठ्यानं वाचायची, म्हणजे वाचायची अडचण राहत नाही. गाणं थांबवणारा रिंगणाकडं पाठ करून बसला पाहिजे. २२ जणांचं रिंगण १२ फुटांत जेमतेम बसतं, सोफा आधी बाहेर काढा.

दान_पडलं
पार्सल जुनं झालं. पॅकिंगच्या स्ट्रेच फिल्मचा गोळा करा. गुंडाळताना मधेमधे चॉकलेट, क्लिपा, दहाची नाणी. एक जण सोडत राहतो, शेजारचा दोन फासे टाकत राहतो. दोन्हींवर सारखं दान आलं की गोळा त्याच्याकडं. फिल्म दर दोन हातांवर तोडून नव्यानं सुरू करा, सलग ठेवलीत तर सोडणाऱ्याला जोर लावावा लागत नाही, भराभर सुटते.

कडक_भाकरी
दोन फासे कशाला? एकच घ्या, सहा पडला की बदल. सोपं.

दान_पडलं
सारखं दान लवकर पडतं.

कडक_भाकरी
कसं काय? ३६ पैकी ६ जोड्या सारख्या. म्हणजे सहातून एकदा. एका फाशावर सहा पडायचंही तेवढंच. एक फासा वाचवा, सोफ्याखाली जाणारा दुसरा तरी शोधावा लागणार नाही.

मंगळवारपेठ
काही विकत आणू नका, घरातली चादर काढा. दोन गट समोरासमोर बसवायचे, मधे दोघांनी चादर धरायची. सिंगल ६० बाय ९० इंच असते. आडवी धरली की साडेसात फूट आडोसा होतो. दोन्हीकडून एकेक जण चादरीपाशी सरकतो. तीन म्हटलं की चादर खाली, समोरच्याचं नाव आधी घेईल तो जिंकला, हरलेला त्यांच्या गटात. दिवा एका बाजूलाच असेल तर सावली दिसते, मधला लावा. मोठ्यांना नावानं हाक मारायची पंचाईत होते, म्हणून मावशी, मामा चालेल. पण मावश्या दोन असतील तर कुठल्या ते सांगावं लागेल, हे आधी ठरवा. दोन घरची माणसं एकत्र येणार, त्यांना नावं पाठ व्हायला याच्यासारखा खेळ नाही.

सूत_गिरणी
चादर खरी सोलापुरी घ्या. पॉलिस्टर मिसळलेला माल आपल्या नावावर खपवतात. कडेचा धागा जाळून बघा: सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी.

नवीपेठी
त्यांनी खेळ विचारलाय, धागा जाळायला नाही.

सूत_गिरणी
भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, माहिती असावी.

गव्हाण
चर्चहून येणार असाल तर पाच मिनिटांची तोंडी प्रश्नमंजुषा घ्या. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, किती होते? सगळे तीन म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात संख्याच दिलेली नाही, भेटी तीन आहेत: सोनं, ऊद, गंधरस. मेंढपाळांची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात, मागींची मत्तयाच्या, यावर मोठी माणसंही घसरतात.

पेपर_कप
कपांचे मनोरे पण ठेवा. चार-तीन-दोन-एक, दहा कप, आधी रचेल तो जिंकला. चहाचे बुटके कप घेऊ नका, मोठे घ्या. गच्चीवर तर नकोच, वाऱ्यानं जातात. आणि पंखा बंद.

नवीपेठी
तंबोला मात्र ठेवाच.

जुळेसोलापूरची_वहिनी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: तंबोला नाही. आजींचा हट्ट संगीत खुर्चीचाच आहे. गच्चीची फरशी खरखरीत आहे, तिथं खुर्च्यांऐवजी टॉवेलच्या घड्या टाकणार. पहिल्याच फेरीला १९ टॉवेल, मग दर फेरीला तीन काढायचे, म्हणजे सात फेऱ्यांत निकाल. थाळी आजीच वाजवणार, त्यामुळे तक्रार करायची कुणाची टाप नाही. खाली येऊन चादर, मग पार्सल. बक्षिसाला शेंगा चटणीच्या पुड्या, बजेटमध्ये बसतं.

साउंडवाला_सात_रस्ता
गच्चीवर थाळी ऐकू येत नाही ओ ताई. भाड्यानं पण देतो.