आज्जीच्या विहिरीचं लिहू का?

(आमच्या घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा आहे. नावं काढून टाकलीत, नाती तशीच ठेवलीत. आज्जीला विचारूनच इथे टाकतेय.)

मी: टेल्युराइडच्या समर सेमिनारचा अर्ज भरायला अकरा दिवस उरलेत. निबंधाचा पहिला मसुदा वर टाकलाय. वाचून खरंखरं सांगा.

काका: वाचला. इंग्रजी लई भारी झालंय. पण हे नेमकं काय आहे? खर्च किती?

मी: फी नाही काका. शिकवणं, पुस्तकं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडंच. उन्हाळ्यात काही आठवडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात राहायचं. रोज प्राध्यापकांसोबत बसून वाचलेल्यावर तीन तास बोलायचं. वंश, सत्ता, विषमता असे विषय असतात. मार्क नाहीत. राहतात ते घर कसं चालवायचं तेही मुलंच बैठक घेऊन ठरवतात.

काका: मार्क नाहीत तर निवड कशावर?

मी: मुख्य म्हणजे निबंधांवर. त्यातून पुढं गेलं तर मुलाखत.

काकू: अन् बारावीचं काय? जूनमध्ये क्लास सुरू झालेले असतात. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं लातुरात खोल्या करून राहायलेत नीटसाठी, अन् आपण इथलं असून बाहेर जायचं?

आई: वहिनी, ती नीट देणार नाही. ते आमच्यात मागच्या दिवाळीतच ठरलंय.

दादा (पुणे): मसुदा चॅटजीपीटीत टाक, दोन मिनिटांत चकाचक करून देईल. माझ्या मित्रानं तर एका एजन्सीला चाळीस हजार दिले होते. त्यांनी सगळे निबंध लिहून दिले.

बाबा: त्याची निवड झाली का?

दादा (पुणे): नाही.

काका: टेल्युराइड म्हणजे काय, माणसाचं नाव का?

मी: गावाचं. कोलोराडोतलं खाणीचं गाव. तिथं एल. एल. नन नावाचे एक गृहस्थ होते. खाणीला वीज पुरवायला त्यांनी १८९१ मध्ये एम्स इथं पाण्यावर चालणारं वीजकेंद्र उभं केलं, एसी करंटचं. तिथं कामाला आलेल्या तरुण पोरांना ते शिकवायला लागले, त्यातून पुढं १९११ मध्ये ही संस्था निघाली.

काका: १८९१ ला एसी? अगं तेव्हा एसी चांगलं की डीसी यावर तिकडं भांडणं चालू होती. वीज मंडळात तीस वर्षं काढली मी, अन् हे मला माहीत नव्हतं. म्हणजे लाइनवरच्या पोरांना शिकवायला काढलेली संस्था. भर बाई अर्ज, बिनधास्त भर.

आत्या (परभणी): आत्ता तास संपवून आले. मसुदा दोनदा वाचला. सोनू, तू खरं सांगा म्हणालीस म्हणून सांगते. इंग्रजी चांगलं आहे, पण यात तू मला कुठंच सापडली नाहीस. "लहानपणापासून मला ज्ञानाची ओढ आहे" हे पहिलं वाक्य आमच्या वर्गातली साठही पोरं लिहितील, अन् त्यातल्या कुणाचंच ते खोटं नसेल. मग वाचणाऱ्यानं तुला ओळखायचं कशावरून? दुसऱ्या परिच्छेदात पाण्याची रेल्वे आहे. मिरजेहून निघाली, १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आकडे बरोबर आहेत. पण ते त्या वेळच्या पेपरातही होते. तू कुठं होतीस? स्टेशनवर गेली होतीस का?

मी: नाही आत्या. सहा वर्षांची होते. रेल्वे मी टीव्हीवरच बघितली.

आत्या: मग डोळ्यांनी काय बघितलंस?

मी: टँकर. गल्लीत चौदा घरं होती. टँकर आला की आज्जी कोळशानं भिंतीवर रेघा मारायची. ज्या घरात जितकी माणसं तितक्या घागरी, प्रत्येक घागरीला एक रेघ. पाणवठ्यांवर भांडणं व्हायची म्हणून शहरात जमावबंदी लावली होती, पण आमच्या गल्लीत भांडण झाल्याचं मला आठवत नाही. शेवटच्या घरात एक बाळंतीण होती, तिच्या घागरी आज्जी स्वतः नेऊन ठेवायची. त्या रेघा रंग देईपर्यंत भिंतीवर होत्या.

आत्या: हे मसुद्यात का नाही?

मी: बारीकसं वाटलं. रेल्वे मोठी होती.

आत्या: अगदी हीच चूक मी केली होती. कॉलेजला असताना एका उन्हाळी गणित शिबिराला अर्ज केला, तेव्हा मैत्रिणीच्या भावानं लिहिलेला नमुना मिळाला होता. त्यातली मोठमोठी नावं अन् प्रमेयं मी उतरवून काढली. निवड झाली नाही. पुढच्या वर्षी एवढंच लिहिलं की आपली माय नारळी पौर्णिमेच्या वड्या ताटात तिरक्या कापते, कडेला किती तुकडे वाया जातात ते मला मोजता येईना, अन् तीन दिवस मी काय काय करून बघितलं. उत्तर मिळालंच नव्हतं, तेही लिहिलं. त्या वर्षी घेतलं.

अमेरिकेत अर्नॉल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये पोरांसाठी गणिताचा उन्हाळी वर्ग सुरू केला, तो अजून चालतो. त्याचं ब्रीदच आहे, साध्या गोष्टींचा खोल विचार करा. तिथं अर्जासोबत गणितं देतात. नुसतं उत्तर बघत नाहीत, पोरगं कसं चाचपडलं ते बघतात. तुझ्या निबंधातही तेच बघणार. लातुरात आपल्याला उत्तर पाठ करून बिनचूक लिहायची सवय लागते. तिचा उपयोग आहे, मी स्वतः ती पोरांना लावते. पण इथं त्या सवयीनं लिहिशील तर वाचणाऱ्याला तुझं डोकं चालताना दिसणारच नाही.

आणि दादा, मशीनमध्ये टाकायला सांगू नकोस तिला. तिची खडबडीत वाक्यं घासली की त्याबरोबर तीच घासून जाते. शिवाय उद्या मुलाखतीत तिला स्वतःच्याच निबंधावर बोलायचंय.

दादा (पुणे): बरं आत्या. स्पेलिंग तरी तपासू दे.

आत्या: ते कर की.

काका: माझं एक म्हणणं आहे. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, हेच किती दिवस दाखवायचं? वाचणाऱ्याला कीव यावी अन् त्यानं घ्यावं, असं मला नको वाटतं.

आत्या: अण्णा, अगदी मनातलं बोललात. दुष्काळ विकायचा नाहीच. तिनं सोसलेलं मोजून दाखवायचं नाही. ती कशावर विचार करते ते दाखवायचंय.

मी: मग एक विचारू? मला खरं तर वेगळंच लिहायचंय, पण धीर होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा आज्जीनं मला जुनी विहीर दाखवली अन् सहज म्हणाली, इथं तिकडच्या बायकांना दोर शिवू देत नव्हते, आम्ही वरून पाणी वाढायचो. मी म्हणलं आम्ही म्हणजे कोण? ती म्हणाली, मी. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. चौदा घरांच्या रेघा एकाच मापानं मारणारी आज्जी अन् विहिरीवर वरून पाणी ओतणारी आज्जी एकच आहे. मला यातून उत्तर काढता येत नाही. तिकडं विषमतेवरच तर बोलायचंय, अन् मी माझ्याच घराचं सोडून रेल्वेबद्दल लिहायला लागलेय.

(यावर पाऊण तास कुणीच काही लिहिलं नाही.)

बाबा: मला हे पटत नाही. माय सत्तरीची झाली. तिनं आपल्याला काय करून वाढवलं ते ताई, तुला माहीत आहे. परक्या माणसांनी तिला दोन ओळींत तोलायचं? अन् भावकीत कुणाला कळलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत.

काकू: भाऊजी बरोबर बोलतात. घरातलं घरात राहू द्यावं.

आत्या: तुझं दुखणं मला कळतं रे. मलाही वाचताना धस्स झालं. पण लपवायचं कुणापासून? त्या विहिरीवर जे खाली बसत होते त्यांना ते माहीतच आहे. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ ला झाला. बाबा आढावांना एक गाव एक पाणवठा म्हणत गावोगाव फिरावं लागलं ते सत्तरच्या दशकात, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. हे एकट्या आपल्या घरचं गुपित नव्हतंच.

पण लिहायचं की नाही हे आपण ठरवायचं नाही. मायला विचारा. ती नको म्हणाली तर विषय बंद, मग सोनूनं टँकरवर लिहावं, तेही चांगलं होईल.

आई: आज्जीला वाचून दाखवलं सगळं. ती बोलायलीय, मी जसंच्या तसं टाइप करते.

"मी सतरा वर्षांची नवी नवरी होते. ७२ चा दुष्काळ पडला ती साल. सासूनं सांगितलं, तिकडच्या बायका आल्या की घागर खाली ठेवायला लावायची अन् वरून वाढायचं. मी तसंच केलं. एक बाई होती माझ्याच वयाची, पोटुशी. दुपारभर उन्हात बसायची. सासू नसली की मी तिला आधी वाढायची, असली की हात उचलायचा नाही. हे चूक आहे असं त्या वेळी कळत होतं का? नव्हतं कळत. ती उन्हात बसलीय एवढंच दिसायचं. लिही बाई. पण मी त्या वेळी लई शहाणी होते असं लिहू नको. अन् गल्लीत पाणी दिलं म्हणून ते फिटलं असंबी लिहू नको."

काका: मायनं हे आजपर्यंत मला कधी सांगितलं नव्हतं.

आत्या: मलाही नाही.

बाबा: ती स्वतः म्हणते तर मी आडवा येणार नाही. फक्त गावाचं नाव नको.

मी: नाही टाकत बाबा. तालुकासुद्धा नाही लिहिणार.

आत्या: सोनू, आता लिहिताना दोन गोष्टींना जप. तिनं सांगितलेली ती "नव्हतं कळत" ओळ काढू नकोस, कितीही मोह झाला तरी. अन् ती दुसरी बाई. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, ती काय विचार करत होती तेही माहीत नाही. तिच्या तोंडी वाक्य घालू नकोस. आपल्याकडं तिच्याबद्दल फक्त एकाच बाजूनं माहिती आहे, विहिरीच्या वरच्या बाजूनं, हे सरळ लिही. रेल्वे पूर्ण काढ. "या अनुभवाने मला शिकवले की" हेही काढ. तुला अजून उत्तर मिळालेलं नाही ना, मग शेवटी उत्तर मिळाल्यासारखं लिहू नकोस.

मी: रेल्वे काढली. पण एका शब्दावर अडलेय. "पाणी वाढणं" इंग्रजीत कसं लिहू? ओतणं म्हणलं तर नुसतं भांड्यातून भांड्यात पडल्यासारखं होतं. आपण तर जेवण वाढतो तसं वाढणं म्हणतो.

आत्या: थांब. २०१६ ला टँकरच्या वेळी ती काय म्हणायची?

मी: तेच की. "चला गं, पाणी वाढायचंय."

मी: आत्या, दोन्हीकडं एकच शब्द आहे.

आत्या: निबंध तिथून सुरू कर. शब्द मराठीतच ठेव अन् तो कुठं कुठं वापरतात ते सांग. पंगतीत, टँकरपाशी, विहिरीवर. घागर म्हणजे काय ते एकदा सांगितलंस की पुरे, वाचणारी माणसं शिकलेली आहेत.

काका: पंगतीत वाढणारा वरूनच वाढतो, अन् घेणारा खालीच बसलेला असतो. तेही बघ त्यात बसतंय का.

मी: काका, हे मला सुचलंच नव्हतं. घेऊ का?

काका: घे की.

मी: अजून एक आज्जीला विचारायचं होतं. त्या बाईचं मूल पुढं कसं झालं, ती पुढं कुठं गेली, काही कळलं का.

आई: आज्जी झोपली आता. पडल्यावर बराच वेळ जागी होती. सकाळी विचार, पण चहा झाल्यावर, अन् शेजारी बसून विचार, फोनवरून नको.