योनीमुखाची खाज थांबतच नाही: घरी काय पाहायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

शेवंती:
नमस्कार. योनीच्या तोंडाशी आणि बाहेरच्या भगोष्ठांवर (कडेच्या त्वचेच्या घड्यांवर) सतत खाज सुटते, रात्री जास्त. क्लोट्रिमाझोलचं, म्हणजे बुरशीवरचं, क्रीम लावलं की काही दिवस बरं वाटतं, बंद केलं की पुन्हा सुरू. अंगावरून पांढरं फारसं जात नाही, वासही नाही. वय ४८, पाळी आता अनियमित झाली आहे. आणखी एकदा तेच क्रीम आणावं, की डॉक्टरकडे जावं? गेलेच तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे की त्वचारोगतज्ज्ञाकडे? आणि तिथे नक्की काय तपासतात? नुसतं बघून पुन्हा तेच क्रीम लिहून देणार असतील तर जायला मन होत नाही.

रोहिणी_स्त्रीरोग:
शेवंतीताई, तेच क्रीम पुन्हा आणू नका. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी बुरशीशी जुळत नाहीत. एक म्हणजे स्राव जवळजवळ नाही, आणि दुसरी म्हणजे औषधाने खाज पुरती जात नाही, नुसती दबते. क्रीमचा पाया स्निग्ध असतो, त्यामुळे कोरड्या, सोललेल्या त्वचेला त्यानेच काही दिवस आराम पडतो. एवढ्यावरून बुरशी होती असं ठरत नाही.

बुरशीचा संसर्ग, म्हणजे कँडिडा, सहसा असा असतो: दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव, वास नाही, जागा लालबुंद, कधी बारीक चिरा, आणि लघवी त्या चिरांवरून गेली की आग. साध्या संसर्गाला क्लोट्रिमाझोलची ५०० मिलिग्रॅमची योनीत ठेवायची एक गोळी किंवा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची तोंडाने घ्यायची एक गोळी बहुधा पुरते. (गरोदरपणात फ्लुकोनाझोल तोंडाने घेत नाहीत, तेव्हा योनीत ठेवायचं औषध ७ दिवस देतात.) ७ ते १४ दिवसांत पूर्ण आराम पडला नाही, तर निदान चुकलं आहे किंवा बुरशीची जात वेगळी आहे. कँडिडा ग्लाब्राटा नेहमीच्या औषधांना नीट दाद देत नाही, आणि ती कल्चर केल्याशिवाय, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्याशिवाय, कळत नाही.

स्राव पातळ, राखाडी आणि मासळीसारख्या वासाचा असेल तर तो बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडणं. त्यात खाज कमी, वास जास्त. स्राव पिवळा-हिरवा, फेसाळ आणि सोबत खाज-जळजळ असेल तर ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीचा विचार करावा लागतो. त्यात जोडीदाराला लक्षणं नसली तरी त्यालाही औषध द्यावंच लागतं, नाहीतर संसर्ग परत येतो. या दोन्हींवर बुरशीचं क्रीम काहीच करत नाही.

तुमच्या वयात आणखी एक कारण असतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होत गेलं की योनी आणि योनीमुखाची त्वचा पातळ, कोरडी होते, आणि एरवी ३.८ ते ४.५ असणारा पीएच (आम्लतेचं माप) वर जातो, म्हणजे आम्लता कमी होते. खाज, चुणचुण, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीला लागणं हे सगळं एकत्र असेल तर याची शंका घ्यावी. योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा वापरतात. फरक पडायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नये. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा न कळणारा रक्तस्राव होत असेल तर ते आधी सांगायचं.

साखर तपासून घ्याच. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. खाज हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. ज्यांना मधुमेह आहे आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे, त्यांच्या लघवीतून साखर बाहेर पडते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. अशा वेळी औषध स्वतःहून बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

त्वचा_ओपीडी:
वरच्या प्रतिसादाला जोड देते. बाहेरच्या भागाची रात्री वाढणारी खाज आणि स्राव नाही, असं असेल तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा आजार डोक्यात ठेवायलाच हवा. तो वर्षानुवर्षं "बुरशी" म्हणून क्रीमं खात राहतो, आणि मला याच गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते.

घरी आरसा घेऊन चांगल्या उजेडात पाहा. एक पाय स्टुलावर ठेवायचा किंवा उकिडवं बसायचं, आरसा खाली धरायचा आणि भगोष्ठ बोटांनी बाजूला करायचे. पाहायचं ते हे: त्वचा पांढरट, चकचकीत, पातळ आणि सुरकुतलेली दिसते का? असे पट्टे योनीमुखाभोवती आणि गुदद्वाराभोवती मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पसरलेत का? आतले भगोष्ठ पूर्वीपेक्षा लहान झालेत किंवा बाहेरच्यांना चिकटलेत का? शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) त्वचा बुजत चाललीय का? सहज खरचटून रक्ताचे बारीक ठिपके उठतात का? यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. एकदा चिकटलेली किंवा बुजलेली जागा औषधाने पूर्ववत होत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. उपचार न केलेल्या लायकेन स्क्लेरोससमध्ये थोड्या स्त्रियांना पुढे योनीमुखाचा कर्करोग होऊ शकतो. नियमित उपचाराने ती शक्यता कमी होते.

उपचार म्हणजे क्लोबेटासोल ०.०५ टक्के, तेही क्रीम नव्हे, ऑइंटमेंट. ऑइंटमेंटमध्ये त्वचेला चावणारी संरक्षक रसायनं कमी असतात. नेहमीची पद्धत: ४ आठवडे रोज रात्री, पुढचे ४ आठवडे एक दिवसाआड, मग ४ आठवडे आठवड्यातून दोनदा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका वेळी त्याहून जास्त लागत नाही, आणि ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी. महिन्यात संपली तर जास्त लागतंय, तीन महिन्यांनी अर्धी उरली तर भीतीपोटी कमी लागतंय. दुसरी चूक जास्त दिसते, कारण माहितीपत्रकावर "जननेंद्रियाला लावू नये" असं छापलेलं असतं. या आजारापुरतं ते लागू नाही.

पण हे वाचून कोणी स्वतःच क्लोबेटासोल आणू नका. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये असलेली मिश्र क्रीमं तर अजिबात नकोत. जांघेत गजकर्ण असेल तर स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. गोल चट्ट्याची कड पुसट होते, मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. आणि जांघेतली त्वचा पातळ होऊन पडलेले ताणाचे वळ कायम राहतात.

बाकीची कारणं थोडक्यात. घरात इतरांनाही खाज असेल आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ असेल तर खरूज. गुदद्वारापाशी रात्री वळवळ जाणवत असेल तर कृमी. कोपर, गुडघा, डोक्याच्या त्वचेवर खवले असतील तर सोरायसिस, जो या भागात मात्र खवल्याविना, गुळगुळीत लाल दिसतो.

आता स्पर्शाने होणारी ॲलर्जी आणि जळजळ. सुवासिक पॅड, रोजची पँटी लायनर, ओले पुसण्याचे कागद, "इंटिमेट वॉश", केस काढायचं क्रीम, पाण्यात टाकायचं जंतुनाशक, बधिर करणारी खाजेची क्रीमं, हे सगळे नेहमीचे संशयित. खाज सुटली म्हणून जास्त धुवायचं, धुतल्यामुळे त्वचा आणखी सोलायची, मग आणखी खाज. व्हिनेगर, लिंबू, टी ट्री ऑइल हेही याच यादीत घाला. योनी आतून धुवायची गरज नसते, तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू ती जागा आम्लधर्मी ठेवतात.

मावळत_ऊन:
डॉक्टरकडे जाण्याआधीची तयारी कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. मी तपासणी कक्षात काम करते.

दोन दिवस आधीपासून संबंध टाळा, आतून धुऊ नका. योनीत ठेवायचं औषध निदान आठवडाभर बंद असेल तर स्वॅबचा (काडीवर घेतलेल्या स्रावाच्या नमुन्याचा) निकाल विश्वासाचा येतो. (डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट असेल तर आधी फोन करून विचारा.) शक्यतो पाळी नसताना या. वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नुसतं "पांढरं क्रीम होतं" म्हटल्याने काही कळत नाही. खाज केव्हा सुरू झाली, कुठे आहे, पाळीच्या आधी वाढते की नंतर, कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून आणा. तपासताना लाजेने निम्मं राहून जातं.

आत काय होतं: आधी बाहेरून नीट पाहतात. मग गरज असेल तर स्पेक्युलम (योनी उघडून धरणारं उपकरण) घालून स्राव घेतात, त्याचा पीएच कागदावर तपासतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. वारंवार होत असेल तर कल्चरला पाठवतात. स्त्री डॉक्टर हवी, सोबत कुणी हवं, मध्येच थांबा, हे सगळं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. कुणी न पाहताच क्रीम लिहून देत असेल तर "एकदा पाहून घ्या" असं स्पष्ट म्हणा.

शेवंती:
खूप आभार. आरशात पाहिलं, एका बाजूला पांढरट पट्टा आहे आणि त्वचा जाडसर लागते. आता धास्ती वाटतेय. बायॉप्सी करतात का? आणि वेळ मिळेपर्यंत रात्रीच्या खाजेचं काय करू?

त्वचा_ओपीडी:
जाडसर झालेली त्वचा बऱ्याचदा नुसत्या खाजवण्यानेच होते. खाजवलं की त्वचा जाड होते, आणि जाड त्वचेला अधिक खाज येते. पांढरट पट्ट्याने घाबरू नका, पण महिनाभर थांबूही नका. येत्या आठवड्या-दोन आठवड्यांतली वेळ घ्या. स्त्रीरोग किंवा त्वचारोग, दोन्ही चालेल. जिथे योनीमुखाच्या त्वचेचे आजार नेहमी पाहतात तिथे आधी जा.

बायॉप्सी सरसकट करत नाहीत. जाड, न भरणारी किंवा रंग बदललेली जागा असेल, गाठ असेल, किंवा उपचाराने फरक पडत नसेल तर करतात. सुईने जागा बधिर करून साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात. सुई टोचताना चांगलंच चुरचुरतं, मग तुकडा काढताना दुखत नाही. टाका लागलाच तर एखादा.

तोवर: साबण पूर्ण बंद. दिवसातून एकदा कोमट पाण्याने फक्त बाहेरून धुवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर झोपताना आणि लघवीआधी लावा, म्हणजे आग कमी होते. सुती, सैल अंतर्वस्त्रं वापरा, रात्री घातली नाहीत तर उत्तम. ती बिनवासाच्या साबणाने धुऊन दोनदा खळबळून काढा. नखं कापून टाका, झोपेत खाजवलं जातंच. खाज अनावर झाली तर थंड पाण्याची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ५-१० मिनिटं धरा, बर्फ थेट कातडीवर नको. क्लोट्रिमाझोल थांबवा. ते क्रीम लेटेक्सचे कंडोम कमकुवत करतं हेही लक्षात असू द्या. पेट्रोलियम जेलीही तेच करते.

रोहिणी_स्त्रीरोग:
इतर वाचकांसाठी, वाट न पाहता कुणी जायचं ते. फोड, जखम, गाठ किंवा न भरणारा व्रण. दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त. ताप, ओटीपोटात दुखणं. गरोदरपण. नवीन जोडीदारानंतर सुरू झालेली खाज. पहिल्यांदाच होत असेल तर, कारण बुरशी ओळखायला तुमच्याकडे आधीचा अनुभव नसतो. आणि ६ महिन्यांत दोनदापेक्षा जास्त झालं तर. वारंवार होणाऱ्या, तपासणीत सिद्ध झालेल्या कँडिडाला फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्याला एक असं ६ महिने देतात. हा कोर्स डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचा, कारण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांशी त्याचं जमत नाही. गरोदरपणात तळहात-तळपायांना खाज येत असेल तर तो वेगळाच, यकृताचा प्रश्न असू शकतो. त्याच दिवशी कळवा.

अबोली_२:
मुलगी ७ वर्षांची आहे. तिलाही खाज सुटते, रात्री रडते. हेच क्रीम लावू का? आणि १९ वर्षांच्या अविवाहित भाचीला आतून तपासतील का?

रोहिणी_स्त्रीरोग:
छोटीला बुरशीचं क्रीम लावू नका. पाळी सुरू होण्याआधी, लंगोट सुटलेल्या मुलींना कँडिडा क्वचितच होतो. रात्री रडते म्हणजे आधी कृमी पाहा. ती झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून गुदद्वारापाशी पांढरे, दोऱ्यासारखे बारीक जंत दिसतात का बघा. निघाले तर बालरोगतज्ज्ञ औषध देतील, दोन आठवड्यांनी ते पुन्हा द्यावं लागतं, आणि घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं असतं. जंत नसतील तर साबणाचा फेस केलेल्या पाण्यात बसवणं बंद करा आणि पुसताना पुढून मागे पुसायला शिकवा. त्वचा पांढरट दिसली, रक्त किंवा घाण वासाचा स्राव आला, तर त्याच आठवड्यात दाखवा. लायकेन स्क्लेरोसस लहान मुलींनाही होतो, आणि दुर्गंधी स्रावात कधी आत अडकलेला कागदाचा बोळा सापडतो. ती कुणाविषयी काही सांगू पाहत असेल तर मध्ये न तोडता ऐकून घ्या आणि डॉक्टरांना ते जसंच्या तसं सांगा.

भाचीसाठी: बाहेरून पाहून आणि बारीक काडीने स्वॅब घेऊन बहुतेक निदान होतं, स्पेक्युलम लागतोच असं नाही. तिला डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलू द्या.