अंगाच्या मापावरून होणारा भेदभाव : मराठी शब्द कोणता?

कृष्णाकाठ (सांगली) :
आमच्या वाचनमंडळाच्या अंकासाठी मी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. तयार कपड्यांच्या दुकानांत अंगाने मोठ्या असलेल्या स्त्रियांना कशी वागणूक मिळते, हा त्याचा विषय आहे. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये कायदा करून नोकरी, घर आणि दुकानांसारख्या सार्वजनिक सेवा या तिन्ही ठिकाणी वजन व उंची यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली, हा लेखातला कळीचा मुद्दा आहे आणि तिथेच माझे घोडे अडले आहे. मी ‘आकारभेद’ असे लिहिले होते. परंतु ‘आकार’ म्हटले की वाचकाला वीजबिलातला स्थिर आकार आठवतो, असे सांगून मंडळातल्या एका काकांनी तो शब्द खोडला. त्यांनी सुचवलेला ‘स्थूलताविरोध’ मला पटत नाही, कारण तो ऐकून वजन उतरवण्याची मोहीम डोळ्यांपुढे येते. आपण काय सुचवाल?

अजिंक्यतारा (सातारा) :
मी ‘देहमानभेद’ सुचवतो. ‘वर्णभेद’, ‘लिंगभेद’ यांच्या शेजारी तो सहज बसतो. असे शब्द बोजड असतात, ही तक्रार जुनी आहे. सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे पर्याय दिले तेव्हाही ती झाली होती, आणि आज ते शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे, मात्र तिथे धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान एवढीच कारणे दिली आहेत. त्यांत शरीराची भर घाला अशी मागणी उद्या करायची झाली, तर निवेदनात लिहिण्याजोगा एक ठाम शब्द हाताशी असलाच पाहिजे.

उसवण (सातारा) :
दादा, निवेदनाचे म्हणणे मान्य आहे. पण जिला हे सोसावे लागते तिच्या तोंडी ‘देहमानभेद’ कधीच येणार नाही. मी खणआळीजवळ शिवणकाम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, “तिथं आमच्या अंगाचं मिळत नाही.” या वाक्यात सगळे आले आहे.

शिवणकामातला ‘माया’ हा शब्दही या चर्चेत यायला हवा. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. बाळंतपणानंतर किंवा वय वाढल्यावर अंग भरले, की शिवण उसवायची, माया सोडायची आणि तोच ब्लाउज पुन्हा अंगाला आणायचा, ही रीत घरोघरी होती. दुकानातली तयार कुर्ती उलटी करून पाहा: शिवणीला लागूनच इंटरलॉक मारलेले असते आणि सोडायला बोटभरही कापड नसते. शिवाय मोठे माप काढताना एकाच नमुन्याची सगळी मापे सरसकट वाढवलेली असतात. छातीबरोबर खांदाही वाढतो, म्हणून तो दंडावर ओघळतो, तर मुंढा (बाही जोडतात तो भाग) आणि दंडघेर मात्र काचतच राहतात. बाईची हाडे काही त्या हिशेबाने रुंदावत नाहीत. मग ती कुर्ती घेऊन ती माझ्याकडे येते आणि स्वतःच्याच दंडाला बोल लावते, याचे मला फार वाईट वाटते.

हरभट रोड (सांगली) :
उसवणताईंचा ‘माया’ वाचून आनंद झाला. ममता या अर्थाचा शब्दच कापडापर्यंत पोहोचला असावा, असे मला मनापासून वाटते, कारण पुढच्या दिवसांची आधीच केलेली ती काळजी आहे.

माझा मुद्दा विशेषणांचा आहे. बाळ जाड असेल तर आपण त्याला गुटगुटीत म्हणतो. पगार मोठा असला तर तो लठ्ठ असतो. पुरुष अंगाने मोठा असेल तर तो धिप्पाड किंवा भारदस्त ठरतो. मुलीसाठी मात्र आपल्याकडे ‘थोराड’ हा शब्द आहे, आणि तो बहुधा स्थळ पाहताना वापरला जातो. भेदभाव दुकानात सुरू होण्याआधीच तो आपल्या बोलण्यात आहे. ‘लठ्ठ’ हा मुळात लाठीवरून आलेला, बळ दाखवणारा शब्द आहे, असे माझे आजोबा सांगत.

अजिंक्यतारा (सातारा) :
ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो. ‘माया’बद्दलही तेच म्हणेन. ‘थोराड’चा मूळ अर्थ वयाच्या मानाने मोठी दिसणारी असा आहे, त्यात निंदा नाही.

हरभट रोड (सांगली) :
कोशात नसेल, पण ज्या मुलीला पाहुण्यांसमोर थोराड म्हटले गेले, तिला त्यातली निंदा बरोबर कळते. अर्थ ठरवताना तिचेही ऐकायला हवे.

कृष्णाकाठ (सांगली) :
मला दुकानातल्या वाक्यांकडे लक्ष वेधायचे आहे. “हा तुम्हाला बसणार नाही” यात दोष कपड्याकडे राहतो. “तुमच्यात काही येणार नाही” असे म्हटले की तो बाईकडे सरकतो. सांगलीच्या एका दुकानात माझ्या बहिणीला विक्रेतीने मांडणीकडे न वळताच हे दुसरे वाक्य ऐकवले आणि बहीण काही न बोलता बाहेर पडली.

लेखात प्रमाण मापांचा इतिहासही आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे सरकारने घेतली, परंतु निष्कर्ष काढताना केवळ गोऱ्या स्त्रियांचीच धरली. त्या आधारावर १९५८ मध्ये प्रमाण मापे ठरली आणि १९८३ मध्ये ती मागे घेण्यात आली. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेने मुंबईसह सहा शहरांत २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तो अलीकडे. तोवर आपल्या अंगावर परक्या मापांचे आकडे लादले जात होते, आणि त्यांत न बसणारी बाई बेढब ठरत होती.

उसवण (सातारा) :
म्हणूनच ‘मापावरून दुजाभाव’ असे लिहा. ‘दुजाभाव’ आमच्या आजीलाही कळत होता.

हरभट रोड (सांगली) :
‘पंक्तिप्रपंच’ का नको? एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळे वाढण्याला हा शब्द आहे.

कृष्णाकाठ (सांगली) :
पंक्तिप्रपंचात दोघींनाही पान मांडलेले असते. एकीला तूप मिळते आणि दुसरीला मिळत नाही. इथे तर पानच मांडलेले नाही.

अजिंक्यतारा (सातारा) :
‘दुजाभाव’ला माझी हरकत आहे. त्यात मनातला आपपरभाव गृहीत असतो. मोठ्या मापाला कापड अधिक लागते आणि माल पडून राहतो, म्हणून आपण तो ठेवत नाही, असे दुकानदार म्हणेल. त्याच्या मनात दुजाभाव नसेलही. तरीही बाई रिकाम्या हाताने परत जाते. कायद्याला हेतूपेक्षा परिणाम पकडणारा शब्द लागतो.

उसवण (सातारा) :
कापड अधिक लागते हे खरे आहे. मीही त्यासाठी थोडे अधिक कापड आणायला सांगते. पण अंग पाहून कुणाला दारातून परत पाठवत नाही. जो परत पाठवतो त्याच्या मनात काय आहे, हे शोधत बसण्याची मला गरज वाटत नाही. त्या वागण्यालाच आमच्याकडे दुजाभाव म्हणतात.

अजिंक्यतारा (सातारा) :
सातारा आमचेही आहे, ताई, आणि आमच्याकडे तसे म्हणत नाहीत. सावत्र आई दुजाभाव करते, दुकानदार गैरसोय करतो. त्या गैरसोयीला अन्याय ठरवायचे असेल, तर नवा शब्द घडवावाच लागेल.